रिकामा परत आलेला डबा

इंग्लंडात बेसिंगस्टोकला सुहासिनी गोरक्षकरच्या घरी जिन्याखालच्या कपाटात अकरा फायली आहेत. एक बॉयलरची, एक कौन्सिल टॅक्सची, एक नवऱ्याच्या पेन्शनची, आणि बाकी आठ तिच्या ऑफिसच्या. नोकरी सोडून दोन वर्षं झाली, तरी त्या तिथेच. ईमेल आला की तो छापायचा, कडेला दोन भोकं पाडायची आणि तारखेप्रमाणे लावून टाकायचा, ही तिची नोकरीतली खोड. ऑफिसातले लोक हसायचे. श्रीकांत, म्हणजे तिचा नवरा, अजून हसतो. तो हॉस्पिटलातला निवृत्त भूलतज्ज्ञ. "आयुष्यभर मी पेशंट झोपवले आणि हिने झाडं," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो.

त्यातल्या 'इतर' नावाच्या फायलीत एक कागद होता. छापला त्याच दिवशी तो फाडून टाकावा असं सुहासिनीला वाटलं होतं. पण छापलेला कागद फाडणं तिच्या हाताला माहीतच नव्हतं.

तो कागद कळायचा तर आधी वैजयंती नेरूरकर कळायला हवी.

दोघी बावीस वर्षांपूर्वी एकाच महिन्यात या गावी आल्या. दोघींच्या प्रॅममध्ये एकेक मूल, दोघींचे नवरे सकाळी जाऊन संध्याकाळी येणारे. लायब्ररीच्या गरम हीटरपाशी भेटल्या आणि तिथल्या तिथे मैत्री झाली. पुढे मुलं शाळेत गेल्यावर एकाच बिझनेस पार्कातल्या एकाच सॉफ्टवेअर कंपनीत दोघींनी नोकरी धरली. सुहासिनी मीटिंग रूमची बुकिंगं बघायची, वैजयंती ऑफिसला लागणारं सामान मागवायची. बाजूबाजूची टेबलं, एकच गाडी, एकच पार्किंग.

सुहासिनी वाईट बाई नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. वैजयंतीच्या नवऱ्याची, अजयची, बायपास झाली तेव्हा पंधरा दिवस दोन्ही वेळचा डबा हिने पोचवला, तोही पथ्याचा. कुणाच्या दुःखात धावून जाणं तिला सोपं जायचं. सुखात जाताना मात्र पाय जड व्हायचे. आणि वैजयंतीकडे सुखाचं दुकानच होतं. ती साधी सुती साडी नेसली तरी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत बायका तिलाच विचारायच्या, "कुठून आणलीस गं?" सुहासिनी पैठणी नेसून शेजारी उभी असायची. वैजयंतीची मुलगी आश्लेषा मँचेस्टरला वकिली शिकत होती. सुहासिनीचा नकुल ब्रिस्टलला सायकली दुरुस्त करत होता. तो सुखात होता, हे तिला दिसायचं. पण 'सायकली' हा शब्द मंडळात उच्चारताना तिचा आवाज आपोआप खाली जायचा.

ह्या सगळ्यावर कडी केली ती लेनने.

लेन म्हणजे ऑफिसला कुंड्या पुरवणारा म्हातारा इंग्रज. दर दुसऱ्या मंगळवारी यायचा, झाडांना पाणी घालायचा, पानं पुसायचा, सुकलेलं झाड बदलायचा. एका दिवाळीला वैजयंतीने त्याला डबाभर चिवडा दिला आणि वर हसत हसत बजावलं, "आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत हं, लेन. काही नसलं तर चिमूटभर साखर घालावी, पण रिकामा नाही."

इंग्रज माणसाला नियम सांगितला की तो पाळतो. लेनने तो कायद्यासारखा पाळला. पंधरा दिवसांनी डबा आला तो त्याच्या अलॉटमेंटमधल्या, म्हणजे कौन्सिलकडून भाड्याने घेतलेल्या भाजीच्या वाफ्यांतल्या, कोवळ्या शेंगांनी गच्च भरून. मग वैजयंतीलाही तो रिकामा ठेवणं आलं नाही. तिच्या शंकरपाळ्या गेल्या, त्याची अंडी आली. तिची बाकरवडी गेली, त्याच्या बायकोचा गूजबेरीचा जॅम आला. वर्षानुवर्षं तो डबा त्या दोघांत असा फिरत राहिला. सुहासिनी शेजारच्या टेबलावरून बघत राहिली.

त्या चिवड्याच्या पुढच्याच दिवाळीला तिनेही बेसनाचे लाडू केले. आईने लग्नात दिलेला, झाकणावर नाव घातलेला स्टीलचा डबा काढला, आणि लेनच्या हातात ठेवला. नियमबियम सांगितला नाही. सांगून मागायचं म्हणजे ते काय देणं झालं?

पंधरा दिवसांनी डबा परत आला. घासूनपुसून लख्ख. झाकणावरचं 'सुहासिनी' असं चमकत होतं की आरशासारखं तोंड दिसावं. आत काही नव्हतं.

"फारच सुंदर होते, डिअर," लेन म्हणाला आणि वैजयंतीच्या टेबलावर अर्धा डझन अंडी ठेवून झाडांकडे वळला.

लेनचं काय चुकलं? काहीच नाही. त्याच्यात भांडं स्वच्छ करून परत द्यायची रीत, तेवढी त्याने पाळली. हे सुहासिनीला कळत होतं. पण कळणं एक आणि जळणं एक. त्या संध्याकाळी गाडीत वैजयंती म्हणाली, "अर्धी अंडी तू ने गं, एवढी मी काय करू?" तेव्हा सुहासिनी म्हणाली, "नको, आमच्याकडे कुणी खात नाही." श्रीकांत रोज सकाळी दोन अंडी खायचा.

त्याच आठवड्यात तिने मॅनेजरला, ग्रॅहमला, एक ईमेल लिहिला. तीनदा खोडून चौथ्यांदा पाठवला. "काही सहकारी पुरवठादारांकडून नियमितपणे वस्तू स्वीकारतात असं दिसतं. हे कंपनीच्या धोरणात बसतं का, याबद्दल मार्गदर्शन मिळावं. कोणाचंही नाव घेण्याचा माझा हेतू नाही."

ग्रॅहमचं उत्तर दहा मिनिटांत आलं. "प्रिय सुहासिनी, वैजयंतीच्या डब्याबद्दल म्हणत असशील तर मला ठाऊक आहे. तिने गेल्या ख्रिसमसलाच मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. शेंगा आणि अंडी गिफ्ट रजिस्टरमध्ये लिहायची गरज नाही. तुलाही शेंगा हव्या असतील तर लेनला सांग, तो खुशीने आणेल."

शेवटचं वाक्य वाचून सुहासिनीचे कान तापले. तिने ईमेल छापला, दोन भोकं पाडली आणि 'इतर'मध्ये लावला. वैजयंतीला त्यातलं अवाक्षर कधी कळलं नाही.

वर्षं गेली. ग्रॅहम रिटायर होऊन न्यूझीलंडला मुलीकडे गेला. सुहासिनीची जागा दुसऱ्या जागेत विलीन झाली, तिला एक सह्यांचं कार्ड आणि लेनच्याच कुंडीतलं एक झाड मिळालं, आणि ती घरी आली. मंडळात कुणी विचारलंसुद्धा नाही.

आणि मग वैजयंतीला काढलं. कंपनी नव्या लोकांनी घेतली होती, ऑडिट झालं, आणि एचआरच्या नव्या बाईला गिफ्ट रजिस्टर कोरं दिसलं, पण रिसेप्शनच्या कॅमेऱ्यात डबा दिसला. पुरवठादाराकडून वारंवार भेटी घेतल्या आणि लपवल्या, म्हणजे गंभीर गैरवर्तन. नोटीस नाही, काही नाही. सतरा वर्षं नोकरी केलेली बाई, दुपारी दोनला कार्ड काढून घेतलं आणि दारापर्यंत सिक्युरिटीवाला सोडायला आला.

सुहासिनी त्या दिवशी वरणभात घेऊन धावली. वैजयंती सोफ्यावर बसून रडत होती. "चोर म्हटलं गं मला. शेंगांसाठी!" सुहासिनीने तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि तिचेही डोळे भरून आले, ते खरे होते. तो कागद तेव्हा तिला आठवलासुद्धा नाही.

वैजयंती रडत होती तोवर ती सुहासिनीची होती. ती लढायला लागली आणि पुन्हा सगळ्यांची झाली.

कोजागिरीच्या दुधाला मंडळातल्या बायका तिच्याभोवती कोंडाळं करून बसल्या. "म्हणजे कोर्टात जाणार तू? बाई गं! हिंमत आहे!" वैजयंती हात हलवून सांगत होती, मधूनच हसवत होती. सुहासिनी आटवलेलं दूध कपात ओतत होती. तिच्या मनात आलं, मीही त्याच ऑफिसातून बाहेर पडले. फरक एवढाच, की मला नीट निरोप देऊन घालवलं. अपमानसुद्धा हिला माझ्यापेक्षा भारी मिळाला.

मग एका रविवारी आश्लेषा मँचेस्टरहून आली आणि मायलेकी थेट सुहासिनीच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. आश्लेषा आता ट्रेनी सॉलिसिटर. जन्म इथला, मराठी तिची स्वतःची.

"मावशी, मी आईची वकील नाही हं, फक्त मुलगी. पेपर्स आईच फाइल करते, मी बघते फक्त," ती म्हणाली. "तर केस अशी आहे. काँट्रॅक्टमध्ये तीन महिन्यांची नोटीस होता. त्यांनी दिला नाही. दॅट्स रॉंगफुल डिसमिसल. एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलमध्ये खूप मोठा रांग आहे, सो आम्ही काउंटी कोर्टात गेलो, आणि समरी जजमेंट मागितलाय."

"ते काय असतं?" सुहासिनीने चहा गाळता गाळता विचारलं.

"म्हणजे खटलाच नको. जजला सांगायचं, समोरच्याकडे जिंकण्यासारखं खरंच काही नाहीये, मग साक्षीदार कशाला, उलटतपासणी कशाला? कागद बघा आणि निकाल द्या. अर्ध्या दिवसात संपते."

"मग झालंच की."

"नाही ना झालं," वैजयंती म्हणाली. आज ती हसत नव्हती. "त्यांचं उत्तर आलंय. म्हणतात, परवानगीची कुठेच नोंद नाही. ग्रॅहम मला तोंडी म्हणाला होता गं, 'खुशाल घे' म्हणून. पण त्याला तीन ईमेल केले, उत्तर नाही. जुने मेल कंपनी म्हणते सिस्टिम बदलताना गेले. मी म्हणणार 'हो म्हणाला होता', ते म्हणणार 'कशावरून?'"

"आणि असा वाद असला ना मावशी, की जज म्हणणार, गो टू ट्रायल," आश्लेषा म्हणाली. "अजून एक वर्ष. तोपर्यंत प्रत्येक इंटरव्ह्यूमध्ये आईला विचारणार, का काढलं?"

"परवा एकीने विचारलं," वैजयंती म्हणाली. "मी सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं." तिने कप बाजूला सारला. "सुहास, तू सगळं छापतेस. ग्रॅहमचं काही आहे का गं तुझ्याकडे? डब्याबद्दल, रजिस्टरबद्दल, काहीही. सुनावणीच्या तीन दिवस आधीपर्यंत देता येतं."

सुहासिनीने गाळणं ओट्यावर आपटलं. "बघते," ती म्हणाली.

बघायचं काय होतं? कुठल्या फायलीत, कुठल्या दोन कागदांच्या मध्ये, हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. त्या गेल्यावर तिने जिन्याखाली गुडघे टेकून तो काढला आणि वाचला. ग्रॅहमचं उत्तर वैजयंतीला सोडवत होतं, पण त्याच्या खालीच हिचा प्रश्न होता. एकाच पानावर. वरचं द्यायचं तर खालचं द्यावंच लागणार होतं. 'कोणाचंही नाव घेण्याचा माझा हेतू नाही.' हे वाचून वैजयंती कशी हसेल, की हसणारही नाही, हे डोळ्यांसमोर आणताच तिने कागद परत लावून टाकला.

दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाली, "नाही गं सापडत."

"असू दे. तू शोधलंस ना, तेच खूप," वैजयंती म्हणाली. ते 'तेच खूप' सुहासिनीला दिवसभर दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं टोचत राहिलं.

तरी ती गप्पच राहिली असती. तिला हलवलं ते तनिषाने.

तनिषा ही रिसेप्शनवरची पोरगी, मूळ लेस्टरची, आता दुसरीकडे नोकरीला. एका गुरुवारी वैजयंतीचा फोन आला, आवाजात पुन्हा जुनी खळखळ. "अगं, तनिषा साक्ष लिहून देतेय! तिने म्हणे एकदा जाता जाता ग्रॅहमला डब्यावरून विनोद करताना ऐकलं होतं. आश्लेषा म्हणते फार कामाचं नाही, नक्की शब्द तिला आठवत नाहीत. पण बघ ना, पोरगी स्वतःहून पुढे आली. ना नात्याची ना गोत्याची! अशी माणसं भेटायला भाग्य लागतं गं."

"लागतं खरं," सुहासिनी म्हणाली.

फोन ठेवला आणि तिच्या अंगाची लाहीलाही झाली. बायपासचे डबे कुणी पोचवले? बावीस वर्षं कुणी काढली? आणि भाग्य कोण, तर जाता जाता अर्धामुर्धा विनोद ऐकलेली तनिषा! पुढे मंडळात गोष्ट सांगताना वैजयंती तनिषाचं नाव घेणार, सगळ्या 'अगंबाई' म्हणणार, आणि खरा कागद इथे बॉयलरच्या फायलीशेजारी झोपलेला!

चांगुलपणाने माणूस चांगलं वागतो असं पुस्तकात असतं. सुहासिनी हेव्यानेच उठली, हेव्यानेच कागद काढला, आणि कोट चढवून चालत निघाली. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं, पण तनिषाचं ते 'स्वतःहून' पाठीत कोपर मारत होतं.

दार आश्लेषाने उघडलं. ती चार दिवस आईकडे राहून काम करत होती. वैजयंती दुकानात गेली होती. सुहासिनीने कागद तिच्या हातात दिला आणि बूट न काढता दारातच उभी राहिली.

आश्लेषाने वरचं वाचलं. तिचा चेहरा उजळला. "ओ माय गॉड, मावशी! धिस इज इट!" मग नजर खाली गेली. ती खालचं वाचत असताना बाहेर एक बस थांबली, माणसं उतरली, बस गेली.

"हा ईमेल तुम्ही लिहिली होती?"

"हो."

"आईबद्दल?"

"हो."

"का?"

सुहासिनीला वाटलं, तेवीस वर्षांच्या मुलीला शेंगांचं काय सांगायचं?

"खालचा भाग कापून देता येईल का गं?" तिने विचारलं.

"नाही, मावशी. कापला तर त्याचा अर्थच राहत नाही. तुम्ही विचारलं म्हणून त्याने उत्तर दिलं." आश्लेषाने कागद छातीशी धरला होता. तिचा आवाज वकिलाचा झाला होता, डोळे मात्र लहान मुलीचे. "तुमची स्टेटमेंट लागेल. एक पान. मी लिहिला, मी छापला, हा तोच आहे. सही कराल?"

"करते."

"आईला वाचायला लागणार. तीच फाइल करणार ना."

"माहीत आहे," सुहासिनी म्हणाली आणि घरी आली.

त्यानंतर फोन वाजला नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, पाच दिवस नाही. वैजयंतीने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पाचव्या दिवशी श्रीकांत म्हणाला, "अगं, तुमचा फोन बंद आहे का दोघींचा? घर फारच शांत आहे." सुहासिनी म्हणाली, "तुम्हाला काय, तुम्हाला माणसं शांतच आवडतात."

सुनावणीला ती गेली. जायलाच हवं असं नव्हतं, पण तिने मनात सगळं पाठ केलं होतं. कुणी विचारलं, बाई, तुम्ही हा ईमेल का लिहिलात, तर सांगायचं, की नियमांची काळजी होती, मैत्रीण अडचणीत येऊ नये म्हणून आधीच विचारून घेतलं. आरशासमोर इंग्रजीतून म्हणूनही पाहिलं होतं. ऐकायला चांगलं वाटत होतं. जवळजवळ खरंच वाटत होतं.

कोर्ट म्हणजे तिला वाटलं होतं उंच छत, पांढरे टोप. होती एक छोटी खोली, लांब टेबल, पाण्याचा जग. जज बाई होत्या, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा. एका बाजूला वैजयंती एकटी, शेजारी गप्प बसलेली आश्लेषा. दुसऱ्या बाजूला कंपनीचा तरुण वकील. वैजयंतीने सुहासिनीकडे पाहून मान हलवली, अगदी तेवढीच, जेवढी लिफ्टमधल्या माणसाकडे पाहून हलवतात.

वकिलाचं म्हणणं सोपं होतं. हा कागद ऐनवेळी आला आहे. मूळ ईमेल कंपनीकडे नाही. साक्षीदार बाई अर्जदाराच्या जवळच्या मैत्रीण आहेत. त्यांची उलटतपासणी व्हायला हवी, आणि ती खटल्यातच होऊ शकते. तेव्हा खटला चालू द्या.

सुहासिनीने पाठ ताठ केली. आता विचारतील.

जज बाईंनी चष्मा लावला आणि कागद मोठ्याने वाचला. आधी तिचा प्रश्न. मग ग्रॅहमचं उत्तर. शेंगा. अंडी. "तुलाही शेंगा हव्या असतील तर लेनला सांग." तरुण वकिलाने ओठ आवळून हसू दाबलं. सुहासिनी पाण्याच्या जगाकडे बघत राहिली.

"मैत्रिणीसाठी खोटा कागद करणारी व्यक्ती," जज बाई सावकाश म्हणाल्या, "स्वतः बरी दिसेल अशा ओळी लिहील. हा ईमेल लिहिणाऱ्या बाईंना काही शोभा देत नाही. त्यांनी तो इथे आणला, हेच त्याच्या खरेपणाचं मला पुरेसं कारण आहे. मॅनेजरने परवानगी दिली होती आणि ती द्यायचा त्याला अधिकार होता. त्यानंतर हे गैरवर्तन होतं असं म्हणण्याला यशाची काही खरी शक्यता मला दिसत नाही. यात खटल्याला उरलेलं काही नाही."

पस्तीस मिनिटं. निकाल वैजयंतीच्या बाजूने. सुहासिनीला कुणी एक प्रश्न विचारला नाही. पाठ केलेलं सगळं तोंडात तसंच राहिलं.

बाहेरच्या पॅसेजमध्ये आश्लेषाने आईला मिठी मारली. वैजयंती रडत होती आणि हसत होती, आणि पुन्हा एकदा सुंदर दिसत होती. सुहासिनी जवळ गेली.

"वैजू, मला सांगायचं होतं, मी ते का..."

वैजयंतीने डोळे पुसले. "काय सांगणार आहेस?" ती शांतपणे म्हणाली. "जज म्हणाल्या ना, कागद पुरेसा आहे." आणि कोटाची बटणं लावत लिफ्टकडे गेली.

त्या आठवड्यात सुहासिनीने खोबऱ्याच्या वड्या केल्या. साखर बेताची, वेलची सढळ, वैजयंतीला आवडतात तशा. नाव घातलेल्या डब्यात भरल्या आणि श्रीकांतच्या हातून पाठवल्या. स्वतः गेली नाही.

"काय म्हणाली?" तो परत येताच तिने विचारलं.

"थँक यू म्हणाली."

"अजून?"

"'अहो, कसे आहात' म्हणाली. मी बरा आहे म्हटलं."

"झालं?"

"अगं, मी काय उलटतपासणी घ्यायला गेलो होतो का?"

एक आठवडा गेला. दोन गेले. मंडळातून कानावर आलं, की वैजयंतीला हॉस्पिटलच्या खरेदी विभागात नोकरी लागली, आणि लेनने म्हणे फुलांचा हा एवढा गुच्छ आणून दिला. गोष्टीत तनिषाचं नाव होतं. सुहासिनीचं नव्हतं. म्हणजे वैजयंतीने तो ईमेल कुणाला सांगितला नव्हता. बायका म्हणत होत्या, "एक कागद सापडला म्हणे." कुणाला सापडला हे कुणी विचारलं नाही. सुहासिनीची अब्रू वैजयंतीने झाकून ठेवली होती. तेही तिला सहन होईना. एवढं मोठं मन हिलाच का मिळावं?

तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी सकाळी, बेल वाजली. दार उघडेपर्यंत अजयची गाडी वळत होती. पायरीवर डबा. लख्ख घासलेला, झाकणावर 'सुहासिनी'.

तिने तो उचलला. डबा हलका होता. लेनच्या हातून आला होता तेवढाच हलका. ती दारातच उभी राहिली. उघडायचा धीर होईना. मग हळूच हलवून पाहिला, तर आत काहीतरी सरकलं. अगदी बारीक, वाळूसारखं.

झाकण काढलं. तळाशी साखर होती. चमचाभरही नाही. चिमूटभर.

सुहासिनी आत आली, डबा ओट्यावर ठेवला आणि फोन लावला. इतक्या दिवसांनी.

"हं," पलीकडून आवाज आला.

"चिमूटभरच?"

पलीकडे अजयच्याच गाडीचा इंडिकेटर टिकटिकत होता. "सध्या घरात तेवढीच आहे," वैजयंती म्हणाली.

"मग आणायची दुकानातून."

"आणीन की. घाई काय आहे?" आणि मग, किंचित थांबून, "वड्यांत वेलची जास्त झाली होती."

"तुला आवडते म्हणून घातली होती."

"आवडते," वैजयंती म्हणाली आणि फोन ठेवला.

सुहासिनी डब्याकडे बघत बसली. रिकामा दिला असता तर हिला रागावता आलं असतं. भरून दिला असता तर सगळं माफ झालं, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. ह्या बाईने नेमकं माप शोधलं होतं. मेली! रागावणंसुद्धा हिला माझ्यापेक्षा चांगलं जमतं, असं तिच्या मनात आलं, आणि त्या रागातच तिने चहाचं आधण ठेवलं.

श्रीकांत पेपर घेऊन आत आला. "काय आलं डब्यातून?"

"साखर."

"एवढीशी?"

"तुम्हाला नाही कळायचं," सुहासिनी म्हणाली. तिने डबा कपावर उपडा केला, तळाला चिकटलेले दाणे बोटाने निपटून घेतले, आणि फ्रीज उघडून घरात नारळ किती आहे ते बघितलं.